ताई, गोळ्या संपल्या का?

साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरात माझी आत्या राहते. वय सत्तरीच्या पुढे, आणि दहा-बारा वर्षांपासून बीपी नि शुगर दोन्ही. गेल्या पावसाळ्यात तिच्याकडे गेलो, तेव्हा तिनं तिचा बटणांचा फोन माझ्या हातात दिला. "जरा बघ रं, भरलाय भरलाय म्हणून सारखा वरडतोय." इनबॉक्स खरोखरच काठोकाठ भरला होता. रिचार्ज संपल्याचे, कर्ज मंजूर झाल्याचे, बँकेचे, बक्षीस लागल्याचे संदेश. एकेक पुसत खाली आलो आणि मध्येच एका संदेशावर बोट थांबलं. जिल्ह्याच्या गावातल्या एका दवाखान्याचा होता. सगळा मजकूर इंग्रजीत. अमुक तारखेला सकाळी साडेदहा वाजता डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आहे, वेळेवर यावे. ती तारीख उलटून तीन आठवडे झाले होते.

"आत्या, तुझी तपासणी राहिली की! मेसेज आला होता तुला."

तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे हात केला. त्या तारखेभोवती निळ्या पेनानं गोल काढलेला होता. "इसरले न्हाई मी. लावण चालली हुती. सावडीचं काम. त्या दिशी मी दुसरीच्या वावरात गेले न्हाई, तर माझ्या वावरात कोण यील?"

सावड म्हणजे काय, हे भाताच्या पट्ट्यात सांगावं लागत नाही. आज सगळ्याजणी तुझ्या रानात, उद्या माझ्या. त्यात पैसा फिरत नाही, शब्द फिरतो. एक दिवस खाडा केला तर तो शब्द मोडतो. दवाखान्याच्या यादीत त्या दिवशी आत्याच्या नावापुढे गैरहजर अशी नोंद झाली असणार. तिच्या हिशेबात मात्र ती कुठं हजर राहायचं ते ठरवून, तिथं हजर राहिली होती.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेला नाही. पेशंटला तारखेची आठवण करून देणारा चार ओळींचा संदेश ही आजच्या आरोग्यसेवेतली बहुधा सर्वांत स्वस्त गोष्ट. त्यानं काय होतं? काय होत नाही? जगात यावर पुष्कळ काम झालं आहे, आपल्याकडेही झालं आहे. ते वाचत गेलो तसं माझं एक मत पक्कं झालं: संदेशाचा खरा कस तो पाठवण्यात लागत नाही, त्याचं उत्तर ऐकायला पलीकडे कोण बसलं आहे यात लागतो.

•••

आधी संदेशाच्या बाजूनं बोललं पाहिजे, कारण ती बाजू भक्कम आहे. वैद्यकीय संशोधनाचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०१३मध्ये याच प्रश्नावरच्या आठ चाचण्या एकत्र तपासल्या. सहभागी माणसं ६,६१५. ज्यांना कसलीच आठवण दिली नव्हती, त्यांच्यातले ६७.८ टक्के लोक ठरल्या दिवशी दवाखान्यात आले. ज्यांना मोबाइलवर संदेश गेला, त्यांच्यातले ७८.६ टक्के आले. ज्यांना माणसानं फोन केला, त्यांच्यातले ८०.३ टक्के. म्हणजे शंभरातली दहा-अकरा माणसं केवळ एका संदेशानं वाढली, आणि फोन करण्यापेक्षा खर्च बराच कमी.

ही दहा माणसं थोडी नव्हेत. बीपी दुखत नाही, शुगर सुरुवातीला दुखत नाही, आणि मधुमेहानं डोळ्याचा पडदा खराब होऊ लागतो तेव्हा दिसायला काही कमी होत नाही. ज्या दुखण्यात ठणका असतो, त्याची तारीख शरीरच लक्षात ठेवतं. मूक दुखण्यांची तारीख कुणीतरी बाहेरून सांगावी लागते. बीपीच्या गोळ्या महिनाभर सुटल्या तर त्या महिन्यात काहीच कळत नाही. कळतं ते एखाद्या पहाटे, अर्धं अंग लुळं पडल्यावर. क्षयरोगाचा औषधोपचार साधारण सहा महिन्यांचा, पण बरं वाटायला लागतं पहिल्या दोन महिन्यांतच. मग गोळ्या सुटतात, आणि अर्धवट मेलेला जंतू औषधाला दाद देईनासा होतो.

लंडनमध्ये बार्ट्स हेल्थ या सरकारी रुग्णालयसमूहानं एक साधा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१५मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या संदेशात तारीख, वेळ आणि रद्द करायची असेल तर फोन नंबर असे. काही जणांना पाठवलेल्या संदेशात एकच गोष्ट वाढवली: तुम्ही आला नाहीत तर आरोग्यसेवेचं सुमारे १६० पौंडांचं नुकसान होतं. न येणाऱ्यांचं प्रमाण ११.१ टक्क्यांवरून ८.४ टक्क्यांवर आलं. शब्द बदलले, बाकी काही नाही. माणसाला कळलं की त्या वेळेवर आपलं नाव लिहिलेलं आहे आणि ती जागा रिकामी राहिली तर ती दुसऱ्या कुणाचीतरी असू शकली असती.

आपल्याकडे हेच वाक्य जसंच्या तसं उचलून चालणार नाही. रोजंदारी बुडवून, एसटीचं भाडं खर्चून येणाऱ्या बाईला सरकारचं किती नुकसान होतं हे सांगणं क्रूर ठरेल. शिवाय लंडनच्या पेशंटला वेळ दिलेली असते. आपल्या सरकारी दवाखान्यात 'पुढच्या बुधवारी या' एवढंच सांगतात. बुधवार म्हणजे सकाळी आठपासून केसपेपरची रांग, मग ओपीडीची रांग, मग गोळ्यांच्या खिडकीची रांग. त्या आठवणीत बुधवारचा सगळा दिवस येतो. एका दिवसाची मजुरी त्यात जाते. संदेश पाठवणाऱ्यानं आधी एवढं तरी लक्षात घ्यावं की आपण माणसाकडे काय मागतो आहोत.

•••

या विषयातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट केनियातली आहे. रिचर्ड लेस्टर हे कॅनेडियन डॉक्टर आणि त्यांच्या केनियातल्या सहकाऱ्यांनी २००७-०८मध्ये तीन दवाखान्यांत ५३८ एचआयव्हीबाधितांवर एक चाचणी केली. या लोकांचं औषध नुकतंच सुरू झालं होतं. हे औषध जन्मभर घ्यायचं आणि त्यात खंड पडू द्यायचा नाही. निम्म्या लोकांना दर आठवड्याला दवाखान्यातून एकच शब्द येई: 'माम्बो?' स्वाहिलीत याचा अर्थ, कसं काय? औषधाचं नाव नाही, रोगाचं नाव नाही, 'गोळी घ्या' नाही. ४८ तासांत त्यांनी उत्तर द्यायचं. 'सावा' म्हणजे ठीक आहे. 'शिदा' म्हणजे अडचण आहे. 'शिदा' लिहिणाऱ्याला नर्स फोन करी, आणि उत्तर न देणाऱ्यालाही करी.

२०१०मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. औषध नियमित घेणारे, संदेश मिळालेल्या गटात ६२ टक्के. न मिळालेल्या गटात ५०. रक्तातला विषाणू आटोक्यात आलेले अनुक्रमे ५७ आणि ४८ टक्के.

त्याच देशात दुसऱ्या एका गटानं ४३१ लोकांवर वेगळी चाचणी केली. तीत काहींना रोज आठवण पाठवली, काहींना आठवड्यातून एकदा. आठवड्याच्या संदेशानं फरक पडला: औषधाचं प्रमाण नीट पाळणारे ४० टक्क्यांवरून ५३ टक्क्यांवर गेले. रोजच्या संदेशानं काहीच फरक पडला नाही. हे वाचताना मला आत्याचा तो भरून ओसंडणारा इनबॉक्स आठवला. रोज वाजणारी घंटा कानाला ऐकू येईनाशी होते.

आता आपल्या देशातली चाचणी. दक्षिण भारतात, बंगळूरच्या संशोधकांच्या पुढाकारानं, एचआयव्हीचं औषध सुरू करणाऱ्या ६३१ जणांना घेऊन ती झाली. निम्म्यांना दर आठवड्याला त्यांच्या भाषेत यंत्राकडून फोन येई आणि मोबाइलवर एक चित्र येई. चित्रच, कारण शब्द घरातल्या कुणी वाचले तर? ही काळजी अगदी रास्त होती. जवळजवळ दोन वर्षं लक्ष ठेवल्यावर २०१४मध्ये निष्कर्ष आला: दोन गटांत फरक नाही. फोन आलेल्यांचं आणि न आलेल्यांचं सारखंच.

दोन देश, दोन चाचण्या; फरकाची कारणं अनेक असतील आणि सगळं श्रेय किंवा दोष एका गोष्टीवर टाकता येणार नाही. पण एक भेद डोळ्यांसमोरून हलत नाही. केनियातल्या पहिल्या चाचणीत अडचण आहे म्हटलं की जिवंत माणसाचा फोन येत होता. आपल्याकडच्या फोनच्या टोकाला यंत्र होतं.

•••

पहिला एसएमएस गेला ३ डिसेंबर १९९२ला, इंग्लंडमध्ये. नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्यानं पाठवलेल्या त्या संदेशात 'मेरी ख्रिसमस' एवढेच शब्द होते. त्याआधी १९८५च्या सुमारास फ्रीडहेल्म हिलेब्रांड या जर्मन तंत्रज्ञानं बॉनमधल्या आपल्या घरी टाइपरायटरवर मनात येतील ती वाक्यं टाइप करून अक्षरं मोजली होती. बहुतेक वाक्यं १६०च्या आत बसली, आणि जगभरच्या एसएमएसची मर्यादा १६० अक्षरं ठरली.

ती वाक्यं रोमन लिपीतली होती. देवनागरीतला संदेश वेगळ्या पद्धतीनं साठवावा लागतो, त्याला जागा जास्त लागते, आणि त्यामुळे एका एसएमएसमध्ये मराठीची फक्त ७० चिन्हं बसतात. ही चिन्हं म्हणजे आपली अक्षरंही नव्हेत. 'द्या' हे आपल्या लेखी एक अक्षर. मोबाइल मात्र द, हलन्त, य आणि काना अशी चार मोजतो. सत्तरच्या पुढे गेलं की एका संदेशाचे दोन होतात, आणि हजारो पेशंटांना पाठवायचे तर खर्चही दुप्पट. आत्याच्या फोनवरचा तो संदेश इंग्रजीत का होता, याचं एक कारण मला इथं दिसलं. त्यात दूरसंचार नियामकाच्या २०१८च्या नियमांमुळे संस्थांना अशा संदेशांचा मजकूर आधी नोंदवून ठेवावा लागतो. फसवणुकीला आळा घालण्यासाठी ते आवश्यकच आहे. पण एकदा इंग्रजी साचा नोंदवला गेला की तोच वर्षानुवर्षं सगळ्यांना जात राहतो.

एका रात्री वही घेऊन बसलो आणि सत्तर चिन्हांत काय मावतं ते पाहिलं. पाच-सहा मजकूर खोडले. मग हा जमला:

ताई, उद्या बुधवारी सकाळी १० वाजता बीपी तपासायला या. गोळ्या संपल्या का?

मोकळ्या जागा आणि विरामचिन्हं धरून बरोबर सत्तर. यात हाक आहे, वार आहे, वेळ आहे, काम आहे, आणि शेवटी एक प्रश्न आहे. बीपीसाठी हा मजकूर चालेल. क्षयरोगाच्या किंवा एचआयव्हीच्या पेशंटला मात्र रोगाचं नाव काढायचं नाही. तिथं 'कशा आहात?' एवढंच पुरे.

पण आत्याला हे तरी वाचता आलं असतं का? तिची शाळा दुसरीत सुटली. अक्षरं ओळखते, पण छोट्या पडद्यावरची नाही. आणि कित्येकींच्या हातात तर फोनही नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांनीच आपल्याकडे स्वतः वापरायचा मोबाइल असल्याचं सांगितलं. बाकीच्यांच्या नावापुढे नोंदवलेला नंबर नवऱ्याचा, मुलाचा, कधी शेजाऱ्याचा. संदेश पोहोचला अशी खूण यंत्रात उमटते, आणि तो पोहोचलेला असतो दिवसभर रिक्षा चालवणाऱ्या नवऱ्याच्या खिशात.

•••

मुंबईत या अडचणीवर फार विचारपूर्वक काम झालं आहे. डॉ. अपर्णा हेगडे यांनी शीव रुग्णालयात प्रशिक्षण घेताना गरोदर बायकांची ती अफाट गर्दी पाहिली होती. प्रत्येकीच्या वाट्याला डॉक्टरची येतात ती दोन मिनिटं. त्यात काय खायचं, कुठलं लक्षण धोक्याचं, पुढं कधी यायचं हे सांगणार कधी? २००८मध्ये त्यांनी 'अरमान' ही संस्था काढली आणि २०१४मध्ये 'एममित्र' सुरू केलं. त्यात लिखित संदेशाऐवजी आवाज आहे. गरोदरपणापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत, त्या त्या आठवड्याला लागेल ती माहिती देणारे १४५ छोटे फोन, बाईच्या भाषेत. नाव नोंदवतानाच तिला विचारतात, फोन किती वाजता केलेला चालेल? भांडी-धुणी आटपल्यावर, नवरा घरी असतो तेव्हा, की तो कामावर गेल्यावर? या एका प्रश्नात तिच्या घराचं अख्खं वेळापत्रक येतं. २०१६पासून केंद्र सरकारची 'किलकारी' ही अशीच सेवा सुरू झाली, आणि पुढे ती चालवण्याची जबाबदारीही याच संस्थेकडे आली.

तरी काही महिन्यांनी बायका फोन ऐकणं सोडतात. संस्थेच्या कार्यकर्त्या त्यांना स्वतः फोन करून विचारू शकतात, पण कार्यकर्त्या मोजक्या आणि बायका लाखांत. कुणाला आधी फोन करायचा? मुंबईत वाढलेले आणि हार्वर्ड विद्यापीठात शिकवणारे मिलिंद तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी संगणकाची मदत घेतली. आधीच्या नोंदींवरून संगणक सांगतो की या आठवड्यात कुणाशी माणसानं बोललं तर ती टिकून राहण्याची शक्यता सर्वांत जास्त. सुमारे २३ हजार बायकांवरच्या चाचणीत, ऐकणं सोडण्याचं प्रमाण यामुळे जवळपास ३० टक्क्यांनी घटलं. इतकी प्रगत गणितं शेवटी एवढंच ठरवत होती की माणसानं माणसाशी कधी बोलायचं. मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

आपल्या देशाची स्वतःची एक भाषाही या कामी आली: मिस्ड कॉल. पैसे न खर्चता 'मी पोहोचलो', 'मला फोन कर' असं सांगायची ही रीत कुणी शिकवली नाही, लोकांनीच घडवली. मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन केंद्रातल्या बिल थीस यांनी क्षयरोगाच्या औषधांसाठी तीच वापरली. गोळ्यांच्या पाकिटावर एक पुठ्ठ्याचं वेष्टन, आणि गोळी बाहेर काढली की तिच्यामागे एक फोन नंबर दिसणार. कुठल्या दिवशी कुठला नंबर दिसेल ते पेशंटला आधी माहीत नसतं. त्या नंबरावर एक मिस्ड कॉल द्यायचा. फुकट, आणि न बोलता. दवाखान्याला कळतं, आज गोळी काढली. कॉल आला नाही तर कर्मचाऱ्यानं विचारपूस करायची. इथं आठवणीची दिशाच उलटली: पेशंट दवाखान्याला कळवतो, आणि दवाखाना त्याची वाट बघतो.

•••

हे सगळं एका साध्या कामात एकत्र आलेलं आहे, आणि ते महाराष्ट्रातही चालू आहे. नोव्हेंबर २०१७मध्ये भारतातल्या पाच राज्यांतल्या २५ जिल्ह्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला. आपल्याकडचे जिल्हे होते सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. बीपीची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रातच मिळेल, एकदम महिन्याभराची मिळेल, आणि पेशंट न आल्यास त्याचा शोध घेतला जाईल, हा त्याचा गाभा. या उपक्रमात वापरलेल्या 'सिंपल' नावाच्या अॅपमध्ये नर्सच्या फोनवर तारीख उलटलेल्यांची यादी उघडते. नावावर बोट ठेवलं की फोन लागतो. बोलणं झालं की तीन पर्याय: येतो म्हणाले, नंतर पुन्हा आठवण करा, यादीतून काढा. काढायचं असेल तर कारण विचारलं जातं. दुसऱ्या दवाखान्यात जातात, गाव सोडलं, वारले.

मला ते कारणाचं खातं सर्वांत मोलाचं वाटतं. तिथं पहिल्यांदा कुणीतरी 'का आला नाहीत?' हा प्रश्न रागावून न विचारता, लिहून घेण्यासाठी विचारतं. त्या खात्यात अजून ओळी हव्यात: लावणी होती. गाडी आली नाही. ऊसतोडीला गेले. मागच्या वेळी गोळ्याच मिळाल्या नाहीत. एका केंद्रातल्या वीस जणांनी 'गाडी आली नाही' सांगितलं, तर उपाय संदेशात सापडणार नाही, एसटीच्या वेळापत्रकात सापडेल. चाळीस जणींनी 'लावणी' सांगितलं, तर जुलैत तपासणीचा दिवस बदलावा लागेल. माणसांचे गैरहजेरीचे दिवस एकत्र वाचले की त्यातून आपल्या व्यवस्थेचे दोष आपोआप वाचता येतात.

संदेशाला माणसाची जोड लागते, हे हरियाणातल्या लसीकरणाच्या मोठ्या प्रयोगातही दिसलं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं बक्षीस, मोबाइल संदेश आणि माणसं अशा तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या मेळानं वापरून पाहिल्या. ही माणसं गावानंच सुचवलेली होती, ज्यांच्याकडून बातमी सगळीकडे पोहोचते अशी. तिन्ही एकत्र आल्या तेव्हा लसीकरण ४४ टक्क्यांनी वाढलं. खर्चाच्या मानानं सर्वांत फायद्याची जोडी ठरली ती संदेश आणि गावातली माणसं यांची, बक्षिसाशिवाय. आपल्याकडे अशी व्यक्ती शोधावी लागत नाही. तिचं नाव आशाताई आहे. ती दारात उभी राहते तेव्हा तिला घरातला गोठा, पाळण्यातलं पोर आणि चुलीपुढची सासू हे सगळं माहीत असतं. संदेश तिच्या ऐवजी नको. तिच्या पायांना आधार म्हणून हवा. शंभरातले ऐंशी जण संदेशानं येत असतील, तर उरलेल्या वीस घरी जायला तिला वेळ मिळावा, आणि त्या फेरीचा मोबदला वेळच्या वेळी मिळावा.

•••

दिवाळीच्या तोंडावर पुन्हा आत्याकडे गेलो. भात कापणीला आलं होतं. आम्ही ओसरीवर चहा घेत होतो आणि तिचा फोन वाजला. उपकेंद्राच्या सिस्टर होत्या. आवाज मोठा असल्यानं मला सगळं ऐकू येत होतं.

"आत्या, गोळ्या संपल्या का?"

"दोन दिसाच्या हायत्या."

"मग उद्या या की."

"उद्या कापणी. परवाबी कापणी."

पलीकडे क्षणभर शांतता. मग पानं उलटल्याचा आवाज. "बरं, शनिवारी येता का? शनिवारी मी सकाळी आठलाच असते. आधी तुमचं बघते, मग जावा रानात. तोवर दोन दिवसाच्या गोळ्या आशाताईकडं देऊन ठेवते. आणि डोळ्यांची तपासणी राहिलीय तुमची, त्याचंबी शनिवारी बोलू."

आत्यानं फोन ठेवला, उठली, आणि कोनाड्यातलं निळं पेन घेऊन कॅलेंडरवर शनिवारभोवती गोल काढला. शनिवारी सकाळी मी पुण्यात होतो. साडेआठला तिला फोन केला, तेव्हा मागून रानातला वारा ऐकू येत होता. बीपी बघून झालं होतं, आणि डोळ्यांच्या दवाखान्याची नवी तारीख कापणी संपल्यानंतरची मिळाली होती.